झिजलेली मूस

या, अशा जवळ सरकून बसा. दारातल्यांनी आत या, मागच्यांनी पुढे या; आवाज चढवून सांगण्याजोगी ही गोष्ट नाही. हिच्यात राजा नाही, राणी नाही, लढाई तर नाहीच. एका मुशीची गोष्ट आहे आणि ती मूस बावीस वर्षं आपल्या हातांनी आगीत ठेवणाऱ्या एका बाईची. सोनार ज्यात सोनं वितळवतो ती मूस तुम्ही पाहिली असेल. ही तिचीच बहीण. हिच्यात सोनं नव्हतं एवढंच. काय होतं ते सांगतो. पण आधी माझ्याबरोबर एका खोलीत चला. सोमवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि तीन माणसं एका कागदाकडे पाहत उभी आहेत.

कागदावर एक रेघ होती. सपाट चालता चालता मध्येच उंच उसळी घेणारी, पुन्हा सपाट होणारी. भुकटी दाबून केलेली, भट्टीतून निघालेली टिकली क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवली की यंत्र अशी रेघ काढून देतं आणि टिकलीच्या आत कण कसे रचले गेलेत ते त्या सुळक्यांवरून कळतं. जिथे एकच उंच सुळका हवा होता, तिथे दोन बुटके सुळके जावाजावांसारखे शेजारी शेजारी उभे होते.

“सातव्यांदा,” सर म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. टेबलाच्या पलीकडे होती ती धाकटी. संशोधन करणाऱ्यांत वयाने सर्वांत लहान म्हणून हे नाव पडलं ते चार वर्षं झाली तरी सुटलं नव्हतं. आणि दाराजवळ ॲप्रनला हात पुसत उभ्या होत्या काकू. भट्टी काकूंची. सर भट्टीचे मालक असतील, पण तिच्या दाराचा आवाज काकूंनाच ओळखू यायचा.

सरांनी पुन्हा एकेक विचारलं. भुकटी कुणी तोलली? धाकटीने. दाबून टिकल्या कुणी पाडल्या? तिनेच. भट्टी किती तापली? अकराशे पन्नास अंश. किती वेळ? बारा तास. मध्ये दार उघडलं होतं का, वीज गेली होती का, कुणी बाहेरचं माणूस येऊन गेलं का? नाही, नाही आणि नाही.

“आधीपेक्षा काही बदललंय का, काकू? अगदी बारीकसंसुद्धा?”

“काही नाही सर. सगळं तसंच.”

सातही वेळा सरांनी हे विचारलं होतं आणि सातही वेळा काकूंनी हेच सांगितलं होतं. त्या खोटं बोलत नव्हत्या. हे लक्षात असू द्या, कारण पुढे सगळं इथेच येऊन अडणार आहे.

आता थोडं मागे जाऊ, म्हणजे त्या तिघांना त्या रेघेचं एवढं का वाटत होतं ते कळेल. आपल्या फोनमधल्या, गाडीतल्या बॅटरीत एक पातळ द्रव असतो. लिथियमचे कण त्या द्रवातून या टोकाकडून त्या टोकाकडे ये-जा करतात आणि त्यावर आपलं सगळं चालतं. पण तो द्रव पेट घेतो. हे काकूंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नऊ वर्षांपूर्वी टेबलावरच्या एका सेलने भडका घेतला, तेव्हा समोरच्या विद्यार्थिनीला मागे खेचताना काकूंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. अजून तिथली कातडी दुधावरच्या सायीसारखी सुरकुतलेली होती. त्यामुळे द्रवाच्या जागी दगडासारखी घट्ट टिकली बसवायची, जी कधी पेटणार नाही, हे सरांचं काम सुरू झालं तेव्हा प्रयोगशाळेत सर्वांत जास्त आनंद काकूंना झाला. घरी जाऊन त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान म्हणाले, दगडातून कुणी चालतं का? दुसऱ्या दिवशी काकूंनी तेच धाकटीला विचारलं.

धाकटीने टेस्ट ट्यूबचा लाकडी स्टँड पुढे ओढला. चोवीस भोकं, चोवीस नळ्या. म्हणाली, काकू, यातली एक नळी शेजारच्या भोकात सरकवा बघू. काकू म्हणाल्या, सरकवू कुठे, जागा आहे का? धाकटी हसली. टिकली एका तऱ्हेने जमली की अशीच गच्च भरते, म्हणाली. प्रत्येक लिथियम आपापल्या जागी अडकून बसतो. मग तिने दोन नळ्या काढून घेतल्या. आता काकूंनी एक सरकवली, तिची जागा रिकामी झाली, तिथे दुसरी आली, तिच्या जागी तिसरी. काकू बराच वेळ नळ्या सरकवत बसल्या. द्रव्यं तीच, वजनं तीच. पण दुसऱ्या तऱ्हेने जमलेल्या टिकलीत अशा रिकाम्या जागा राहतात आणि तिच्यातून लिथियम शंभर पट सहज पळतो. पहिलीचे सुळके जोडीने येतात. दुसरीचा एकटा येतो. काकूंनी त्या दिवसापासून ऐटीत एकटा सुळका ओळखायला सुरुवात केली आणि एकदा तर सरांच्याही आधी “जमली” म्हणून मोकळ्या झाल्या.

अशा एकट्या सुळक्याच्या टिकल्या धाकटीने दीड वर्षामागे डझनभर केल्या. त्यावर तिने लेख लिहिला: बाहेरचं काहीही न मिसळता, नुसतं नीट तापवून चांगली रचना मिळते. लेख छापून आला आणि सहा महिन्यांनी दूरच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. तुमच्या कृतीने आम्ही तीनदा करून पाहिलं, आमच्याकडे होत नाही. पत्र फार अदबीचं होतं. पण ओळींच्या मधून एकच प्रश्न डोकावत होता: आकडे खरे आहेत ना? सर म्हणाले, पुन्हा करून दाखवू, त्यात काय. आणि तेव्हापासून सात खेपा झाल्या, सातही वाया.

उद्या त्या पत्राची शहानिशा करायला बाहेरचे तपासनीस येणार होते. भुकटी तोलण्यापासून रेघ निघेपर्यंत ते समोर बसणार होते. त्यांच्यासमोर टिकली जमली नाही तर लेख मागे घ्यायचा. लेखाबरोबर धाकटीची चार वर्षंही मागे जाणार, आणि आकडे रचणारी मुलगी म्हणून तिला पुढे कुणी आपल्या भट्टीजवळ उभं करणार नाही.

दुपारी धाकटी बाटल्या धुण्याच्या जागी येऊन उभी राहिली. नळ वाहत होता. काकूंनी तो बंद केला नाही. नळाच्या आवाजात माणसाला बोलायला सोपं जातं.

“काकू, मी आकडे रचले नाहीत.”

“मला सांगतेस होय? त्या टिकल्या माझ्या हातांनी निघाल्यात भट्टीतून.”

“पण आता मलाच वाटायला लागलंय. दमलेली असेन, भलतंच वाचलं असेल. इतक्यांदा होत नाही म्हणजे तेव्हाही झालंच नसेल ना?”

काकूंच्या हातातली बाटली हातातच राहिली. लोकांनी घेतलेला संशय एक वेळ धुऊन काढता येतो. हा संशय मुलीच्या आत शिरला होता.

संध्याकाळी काकू घरी गेल्या. घर म्हणजे यजमानांच्या कुलपांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. यजमानांनी दुकान केव्हाच भाड्याने दिलं होतं, पण जुनी गिऱ्हाइकं अजून जिना चढून वर यायची. काकूंचा चेहरा पाहून ते म्हणाले, आज दोन्ही भट्ट्या पेटलेल्या दिसतायत, एक तिकडची आणि एक इकडची. काकू हसल्या नाहीत. तेव्हा ते हातातल्या कुलपाकडे वळले.

शेजारणीच्या कपाटाचं कुलूप होतं. किल्ली फिरायची, पण काही धरायची नाही. यजमानांनी कुलपाचं पोट उघडलं आणि वर्तमानपत्रावर ठकठक आपटलं. बारीक पिवळी पूड सांडली. त्यांनी किल्ली काकूंपुढे धरली.

“दात बघ हिचे. म्हातारी झाली.”

“गेले कुठं दात?” काकूंनी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

“जातील कुठं? हे काय, कुलपाच्या पोटात. वीस वर्षं हीच तिथं फिरतेय, दुसरं कोण येणार खायला?”

मग एक बारीक स्प्रिंग हवी म्हणून यजमानांनी खिडकीतला डबा पुढे ओढला. डबा कसला, वाटीएवढी मूस होती ती. स्प्रिंगा आणि स्क्रू ठेवायला काकूंनीच आठ महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेतून आणलेली, टाकून द्यायची म्हणून बाजूला काढलेल्यांपैकी एक.

काकूंनी पिवळ्या पुडीकडे पाहिलं. मग मुशीकडे पाहिलं. मग मूस वर्तमानपत्रावर उपडी केली. यजमान अगं अगं म्हणेपर्यंत स्क्रू चहूकडे गेले. काकूंनी मुशीत अंगठा घातला, बाहेरून तर्जनी लावली आणि तळापर्यंत चाचपत नेली. काठाशी भिंत चांगली जाड होती. तळाशी, जिथे टिकली भुकटीत पुरून ठेवतात तिथे, इतकी पातळ झाली होती की दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार दिसला.

हे काही नवं नव्हतं. बावीस वर्षं काकू मुशी बदलत आल्या होत्या. तीस-पस्तीस वेळा आगीत गेली की मूस तळाशी झिजते, तडकायच्या आत बदलायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. घासून झिजली म्हणावी तर काकूंनी मुशीला मऊ कुंचल्याशिवाय काही लावलं नव्हतं. आगीत मुशीला शिवत होती ती फक्त भुकटी. मग झिजलेली मूस जात होती कुठे?

आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली आणि काकू खाली बसल्या. या जुन्या मुशी ॲल्युमिनाच्या, म्हणजे ॲल्युमिनियमची भाजलेली पांढरी माती असते तिच्या. डागाळलेल्या, तपकिरी, काठाला टवके उडालेल्या. कुणी पाहुणे आले की काकूंना त्या दाखवायची लाज वाटे. म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनीच भांडाराकडे मागणी करून नव्या आणवल्या. दुसऱ्या जातीच्या, मॅग्नेशियाच्या, जास्त ताप सोसणाऱ्या, शंखासारख्या पांढऱ्या. त्या आल्या तेव्हा काकूंना नवं भांडं घरात आल्याचा आनंद झाला होता. ही एक सोडून जुन्या सगळ्या कचऱ्यात गेल्या. आठ महिने. पत्र त्यानंतर आलं. सात खेपा त्यानंतर झाल्या.

भट्टीशेजारच्या भिंतीवर सरांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: काहीही बदललं तर वहीत लिहा, न लिहिणाऱ्याने भट्टीला हात लावू नये.

“लिहिलं नाहीस?” यजमानांनी विचारलं.

“भांडं बदललं हो. दूध कशात तापवलं ते कुणी लिहितं का?”

यजमान गुडघ्यांवर बसून स्क्रू गोळा करत होते. वर न पाहता ते म्हणाले, तुझी नोकरी उरली सहा महिने. उद्या गुपचूप जुन्या मुशीत ठेव. पोरगी सुटेल आणि तूही. कुणाला कळतंय? हे बोलून झाल्यावर त्यांनाच ते आवडलं नसावं, कारण नंतर बराच वेळ ते स्क्रू मोजत राहिले. काकूंनी देवापुढे हात जोडले. मागितलं काहीच नाही. कधी कधी माणसाला काय मागावं हेच कळत नाही आणि देवही अशा वेळी घाई करत नाही.

मंगळवारी सकाळी सातला काकू प्रयोगशाळेत पोचल्या. स्क्रूंचं लोखंड राहू नये म्हणून जुनी मूस त्यांनी आम्लात बुडवून ठेवली, मग स्वच्छ पाण्यात तीनदा, मग सुकवणीच्या कपाटात. नवी तिथे आधीच होती. एक पांढरी, एक तपकिरी, दोघी एकाच फळीवर.

तपासनीस दहाला आले. सडसडीत माणूस, एक चष्मा डोळ्यांवर आणि एक कपाळावर, आणि काखेत बसायची स्वतःची उशी. प्रयोगशाळांच्या खुर्च्या ठाऊक आहेत मला, म्हणाले, आणि उशी घालून तराजूसमोर बसले. तेवढाच त्यांचा विनोद. चहाला नको म्हणाले, पाण्याला नको म्हणाले. धाकटीने लिथियमची भुकटी तोलली, त्यांनी आकडा वाचला. तिने बाकीच्या दोन भुकट्या तोलल्या, त्यांनी तेही वाचले. त्यांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या, चमचा पाहिला, धाकटीची नखंसुद्धा पाहिली. भुकट्या मिसळल्या, पहिला हलका ताप देऊन झाला, दुपारी टिकल्या पाडल्या. चार वाजले तेव्हा धाकटीच्या कपाळावरचे केस ओले झाले होते आणि सर खिडकीशी उभे राहून बाहेर काहीच नसलेल्या भिंतीकडे पाहत होते.

“काकू, मूस,” सर म्हणाले.

काकू आतल्या खोलीत गेल्या. मागे कुणी आलं नाही. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या तपासनीसांनीही मान वळवली नाही. भांडं ते भांडं. त्याच्याकडे कोण पाहतो? एरवी काकूंना हसू यावं अशी गोष्ट होती. त्यांनी जुनी मूस उचलली. बाहेर नेली. टेबलावर ठेवली.

धाकटीने ती पाहिली. डाग पाहिले, टवका पाहिला. मग तिने काकूंकडे पाहिलं. चिमट्याने टिकली उचलली, कारण काकूंनी मूस पुढे केली म्हणजे ती बरोबरच असणार, हे तिला चार वर्षांत पटलेलं होतं.

त्या नजरेने काकू अडल्या. उद्या सुळका एकटा येईल. ही हसेल. तपासनीस उशी उचलून जातील. दूरच्या त्या प्रयोगशाळेत पुन्हा काही होणार नाही, पुन्हा पत्र येईल. आणि ही मुलगी जन्मभर विचारत राहील की तेव्हा का झालं आणि मधे का झालं नाही, आणि तिच्याजवळ उत्तर नसेल. ज्या संशयातून सोडवायला निघाले, तोच तिच्या गळ्यात बांधून जायचं.

“थांब गं,” काकू म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि नवी मूसही घेऊन आल्या. दोघी शेजारी शेजारी ठेवल्या.

“सर, मी तुम्हाला सात वेळा चुकीचं सांगितलं. बदललंय. मूस बदललीय. मीच बदलली, आठ महिने झाले. वहीत लिहिलं नाही.”

सर खिडकीपासून वळले. मग संथपणे म्हणाले, की काकू, मूस आगीत काही करत नसते, म्हणून तर तिच्यात ठेवतात. हे वेड्याला समजावल्यासारखं म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“काही करत नाही तर पातळ का होते सर?” काकूंनी जुनी मूस त्यांच्यापुढे धरली. “बावीस वर्षं मी झिजलेल्या मुशी टाकतेय. मी घासत नाही, कुणी खरवडत नाही. मग झिजलेली मूस गेली कुठं?”

तपासनीस उठले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, डोळ्यांवरचा कपाळावर नेला आणि हात पुढे केला. मुशीत अंगठा घालून, बाहेरून बोट लावून, काकूंनी काल केलं होतं तसंच तळापर्यंत चाचपलं. मग विचारलं की ही इतके दिवस होती कुठे. काकूंनी सांगितलं, घरी, स्क्रू ठेवायला. धाकटीने डोळे मिटून घेतले.

“मग लोखंडाने फरक पडला तर?” तपासनीसांनी विचारलं.

“आम्लात धुतलीय. तरी तुम्ही तुमचं बघून घ्या साहेब. माझ्या धुण्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही.”

तपासनीसांनी मान हलवली, आणि पहिल्यांदाच काकूंना बसा म्हणाले. काकू बसल्या नाहीत. मग तपासनीसांनी एकाच घाण्यातल्या दोन टिकल्या उचलायला लावल्या. एक पांढऱ्या मुशीत, एक तपकिरीत. दोन्ही एकाच भट्टीत, एकाच फळीवर, काकूंनी आपल्या लांब जाड हातमोज्यांनी ठेवल्या. भट्टीच्या कडीला तपासनीसांनी कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली आणि उशी तिथेच ठेवून गेले.

सर काकूंकडे न पाहता निघून गेले. धाकटी जिन्यापर्यंत आली. तिला विचारायचं होतं, की काकूंच्या म्हणण्याप्रमाणे झालं तर माझा लेख चुकलेलाच निघणार ना? बाहेरचं काही मिसळलं नाही असं मी लिहिलंय. काकूंनी तिचा हात धरला. चुकलेला निघेल, म्हणाल्या. खोटा निघणार नाही.

बुधवारी दुपारी तीनला पट्टी फाडली. आधी पांढऱ्या मुशीतली टिकली यंत्राखाली गेली. पडद्यावर रेघ डावीकडून उजवीकडे सरकू लागली, सावकाश, सुई टोचत शिवत जावी तशी. ठरलेल्या जागी आली, चढली, उतरली आणि लगेच पुन्हा चढली. दोन सुळके. आठव्यांदा.

मग तपकिरीतली. धाकटी यंत्राकडे पाठ करून उभी राहिली. सर बसले होते ते उभे राहिले. काकूंनी भाजलेल्या हाताची कातडी दुसऱ्या हाताने घट्ट धरली होती. रेघ निघाली. सपाट. सपाट. एक लहानसा उंचवटा, पुन्हा सपाट. ठरलेल्या जागी येऊन ती वर उठली आणि चढत राहिली, पडद्याच्या अर्ध्यावर, त्याच्याही वर, आणि मग सरळ खाली आली. काकू वाट पाहत राहिल्या. रेघ सपाट चालत पुढे निघून गेली.

“एकटा,” काकू म्हणाल्या, अगदी हळू.

धाकटी वळली. तिने पडद्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती ते कुणी पाहिलं नाही. तपासनीसांनी दोन्ही चष्मे काढले, पुसले आणि म्हणाले की लोखंडाचं अजून पाहायचं आहे. त्यासाठी टिकलीही फोडावी लागेल आणि मूसही कापावी लागेल. मूस तुमची आहे, बाई, परवानगी द्या.

सर अजून उभे होते. काकूंनी हातमोजे काढले आणि त्यांच्यापुढे टेबलावर ठेवले.

“नियम तुम्हीच लिहिलाय सर. बरोबरच लिहिलाय.”

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग हातमोज्यांकडे. त्यांना काहीतरी बोलायचं असावं. पण तपासनीस समोर होते, नियम स्वतःच्या अक्षरात होता, आणि मोठ्या माणसाचे शब्द कधी कधी चपला घालेपर्यंत गाडी निघून जाते. काकू बाटल्या धुण्याच्या जागी गेल्या. बावीस वर्षांपूर्वी त्या पहिल्या दिवशी तिथेच उभ्या राहिल्या होत्या. नोकरीचे उरलेले सहा महिने त्या तिथेच राहिल्या. हातमोजे धाकटीला मिळाले. तिच्या हातांना ते फार मोठे होत.

पुढचं थोडक्यात सांगतो. टिकलीत लोखंड नावालाही सापडलं नाही. ॲल्युमिनियम सापडलं. अगदी थोडं, आणि सगळं त्या मुशीचं. नंतर कोऱ्या ॲल्युमिनाच्या मुशीतही करून पाहिलं, तिथेही सुळका एकटाच आला. दूरच्या प्रयोगशाळेत विचारलं, तर ते नेहमी प्लॅटिनमची, कधी न झिजणारी मूस वापरत. फार स्वच्छ माणसं. धाकटीने तो जुना लेख मागे घेतला आणि नवा लिहिला. पदवी एक वर्ष लांबली. आकडे रचल्याचं मात्र पुन्हा कुणी म्हणालं नाही.

हे सगळं सांगायला ती काकूंच्या घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत कापलेल्या मुशीचं एक अर्धुक होतं. यजमानांनी ते हातात घेऊन भिंतीची कड न्याहाळली, काठाशी जाड, तळाशी कागदासारखी, आणि म्हणाले, अगदी किल्लीसारखी झिजलीय हो. आता स्क्रू ठेवायला ती उपयोगाची नव्हती. त्यांनी ती खिडकीत उभी करून ठेवली.

धाकटीने आत काय होतं ते समजावलं. एक ॲल्युमिनियमचा कण टिकलीत शिरला की त्याच्यापायी तीन लिथियमना जागा सोडावी लागते. पण बसायला त्याला एकच जागा लागते. दोन मोकळ्या राहतात. त्या दोन मोकळ्या राहतात म्हणून बाकीचे सगळे चालू शकतात.

“म्हणजे येतो तो जागा करून द्यायला?” काकूंनी विचारलं.

“हो काकू.”

“गुणी आहे,” काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तेव्हा धाकटीने कागद काढला. नव्या लेखात शेवटी काकूंचं नाव घालायचं तिच्या मनात होतं, सरांनीही हो म्हटलं होतं. काकूंनी ओट्याशी पाठ करून ऐकलं. नाव राहू दे, म्हणाल्या. मुशीचं लिही. ते लिहायचं राहून गेलं होतं, तुझंही आणि माझंही.

म्हणून त्या लेखात नाव नाही. कृतीच्या भागात, वजनं आणि अंश आणि तास यांच्या मधोमध एक ओळ आहे: मूस ॲल्युमिनाची, जुनी, तळाशी झिजलेली. आता माझी एवढीच विनंती. कधीतरी न पेटणारी बॅटरी तुमच्या मुलाबाळांच्या हातात येईल. शोध कुणी लावला, यंत्रं कुणी बनवली, हे सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचंही ऐका. पण कुणी तो लेख वाचू लागलं तर त्या एका ओळीशी त्याला क्षणभर थांबायला सांगा. आणि तोवर घरी चहाचं भांडं घासताना तळ पातळ लागला, तर काकूंची आठवण काढा.